लक्झरी क्रूझ: जेवण, दारू आणि सर्व्हिसचे जास्तीचे पैसे नक्की कशाला मोजायचे?

गोदाकाठची:

नमस्कार मंडळी. आईबाबांच्या लग्नाला येत्या मे महिन्यात पन्नास वर्षं होतील. आम्ही भावंडांनी वर्गणी काढून त्यांना भूमध्य समुद्रातली आठवडाभराची क्रूझ द्यायचं ठरवलंय. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघायचं, सँटोरिनी वगैरे करत रोमच्या बाजूला उतरायचं. त्यांच्यासोबत मी आणि नवरा जाणार.

हातात दोन कोटेशनं आहेत. एक नेहमीच्या अगडबंब बोटीचं, बाल्कनीची खोली. दुसरं सहाशे-सातशे माणसांच्या लक्झरी बोटीचं, आणि ते पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. एजंटचं एकच पालुपद, "मॅडम, सगळं इन्क्लुडेड आहे." सगळं म्हणजे काय असं विचारलं की ब्रोशर पाठवतो. ब्रोशरवर काळ्या कॅव्हिअरचा फोटो. माझी आई अंडंसुद्धा खात नाही, तिला कॅव्हिअर फुकट असून काय करायचंय?

आमच्या घरचा मामला असा: आई कडक शाकाहारी, कांदा-लसूण चालतो, संकष्टी धरते. बाबांना मासे लागतात, संध्याकाळी व्हिस्कीचे दोन पेग लागतात आणि पहाटे साडेपाचला चहा लागतो. तिन्हीत तडजोड नाही. नवऱ्याला वाइनचं वेड, मी सरबतवाली.

तर जाणकारांनो, तिप्पट पैशांत ताटात आणि पेल्यात नेमका काय फरक पडतो? बाबा म्हणतात, "त्यापेक्षा ताजला एकदा जेवून येऊ, तेवढ्यात भागेल." त्यांना गप्प करायला मुद्दे द्या. किंवा ते बरोबर असतील तर तसं सांगा.

एडिसनवाली:

आम्ही हिवाळ्यात फ्लोरिडाहून कॅरिबियनला जातो, मोठ्याच बोटीनं. शाकाहाराची फार चिंता करू नकोस. मुख्य डायनिंग रूममध्ये रात्री काहीतरी भारतीय शाकाहारी मिळतं, छापील मेनूवर नसलं तरी मागितलं की येतं. डाळ, पनीर, भात, पापड. चव बेतास बात, पण उपाशी कुणी राहत नाही. पहिल्याच रात्री हेड वेटरला गाठायचं, बऱ्याचदा तो मंगळूरचा नाहीतर गोव्याचा निघतो.

दारूचा हिशोब मात्र नीट कर. पेयांचं पॅकेज घ्यायचं तर एका केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी घ्यायला हवं, असा बऱ्याच कंपन्यांचा नियम आहे. म्हणजे बाबांच्या दोन पेगांपायी आईलाही दारूचं पॅकेज! सुटे पेग घेतलेस तर प्रत्येक बिलावर १८-२० टक्के सर्व्हिस चार्ज आपसूक लागतो. वर माणशी रोजची टिप, १६ ते २० डॉलर, ती वेगळी. चौघांची आठवड्याची टिपच केवढी होते बघ.

लक्झरी बोटीवर मी कधी पाऊल ठेवलेलं नाही. पण तिप्पट? तेवढ्यात आम्ही तीनदा जाऊन येऊ की.

तारवटी_वेंगुर्ला:

ताई, माझं आयुष्य बोटीवर गेलं. असिस्टंट वेटर म्हणून चढलो आणि मेत्र डी, म्हणजे डायनिंग रूमचा प्रमुख, म्हणून उतरलो. आधी मोठ्या बोटी, मग छोट्या लक्झरी. ज्यांचं मीठ खाल्लं त्या कंपन्यांची नावं घेत नाही. आता वेंगुर्ल्यात काजूची कलमं सांभाळतो आणि असले धागे वाचत बसतो.

ते ब्रोशर आधी बाजूला ठेवा. कॅव्हिअर, लॉब्स्टर, शॅम्पेन मोठ्या बोटीवरही पैसे टाकले की मिळतं. खरा फरक हातांचा आहे. आयकॉन ऑफ द सीज ही आजच्या सगळ्यात मोठ्या बोटींपैकी एक. खोलीत दोघं धरले तर ५,६१० प्रवासी आणि कर्मचारी २,३५०. रीजंट या लक्झरी कंपनीची सेव्हन सीज एक्सप्लोरर घ्या: पाहुणे साडेसातशेच्या आत, कर्मचारी साडेपाचशेच्या आसपास. तिकडे एका कर्मचाऱ्यामागे जवळजवळ अडीच प्रवासी, इकडे दीडसुद्धा नाही.

आता हा आकडा ताटात कसा उतरतो ते सांगतो. मोठ्या बोटीवर रात्रीच्या जेवणाच्या पाळ्या असतात, एक सहाच्या सुमारास, दुसरी साडेआठच्या. दार उघडलं की हजारभर माणसं एकदम आत येतात आणि सगळ्यांना एकदम भूक लागलेली असते. त्यामुळे बरंचसं अन्न आधीच पाऊण शिजवून गरम कपाटांत लावलेलं असतं. प्लेट भरायची रांगच लागते. एक जण मासा ठेवतो, दुसरा बटाटा, तिसरा सॉस घालतो, चौथा फडक्यानं कड पुसतो. वेटर प्लेटांवर झाकणं घालून ट्रेवर मनोरा रचतो, ट्रे खांद्यावर घेतो आणि काही बोटींवर तर सरकत्या जिन्यानं वरच्या डेकवर नेतो. या लोकांना मी नावं ठेवणार नाही. बोट हलत असताना इतक्या माणसांना गरम जेवण वाढून बघावं म्हणजे कळेल. पण त्या रांगेत तुमच्या आईनं "मिरपूड जरा कमी" म्हटलं तर ते ऐकायला कुणाला फुरसत आहे?

लक्झरी बोटीवर पाळ्या नाहीत. साधारण साडेसहा-सातपासून नऊ-साडेनऊपर्यंत केव्हाही या, कुठल्याही टेबलावर बसा. माणसं चार-चार करून येतात, ऑर्डरीही तशाच गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, जातात. म्हणून मासा ऑर्डर आल्यावर तव्यावर पडतो, आधी नाही. माझ्या मते तुमच्या जास्तीच्या पैशांतला मोठा वाटा या तव्याचा आहे. आणि तवा मोकळा असला की मेनूत नसलेलंही करून मिळतं. शाकाहारी माणसाला याचा सगळ्यात जास्त फायदा. गंमत म्हणजे शाकाहारी लोकच बिचारे मागायला लाजतात.

अलास्काची एक फेरी आठवते. ज्युनो सोडलं होतं. सांगलीकडच्या एक आजी होत्या, मुलगा-सून सिएटलचे. आल्यापासून त्या फळं आणि दह्यावर होत्या. मी टेबलाशी गेलो, मराठीत विचारलं, आजी, काय करून देऊ? त्यांनी माझ्या कोटावरचा बिल्ला वाचला आणि म्हणाल्या, "भाकरी येते का रे तुमच्यात कुणाला?" ज्वारीचं पीठ बोटीवर कुठून असणार? पण आशियाई पदार्थांसाठी तांदळाचं पीठ असतं, आणि आम्हा कोकण्यांची भाकरी तांदळाचीच. गॅलीत राजापूरचा एक कॉमी शेफ, म्हणजे शिकाऊ स्वयंपाकी, होता. त्यानं उकड काढली, मळली, हातावर थापली. घोडं अडलं पुढे. बोटीवर गॅस नसतो. समुद्रात आगीसारखी दुसरी भीती नाही, म्हणून गॅली सगळी विजेवर चालते. जाळच नाही तर भाकरी फुगवायची कशावर? पोरानं सपाट प्लेटवर दोन्ही बाजू शेकल्या आणि भाकरी सॅलॅमँडरखाली सरकवली. सॅलॅमँडर म्हणजे वरून धग देणारी ग्रिल, एरवी तिच्याखाली चीज वितळवतात. पापुद्रा टम्म सुटला. एक्झिक्युटिव्ह शेफ फ्रेंच होता, कमरेवर हात ठेवून बघत होता. दुसरी भाकरी त्यानं स्वतःसाठी मागितली आणि लोणी लावून खाल्ली. आजींनी पिठल्याशी भाकरी मोडली, एक घास खाल्ला आणि निकाल दिला, "फुगलीय छान. जाळाचा वास तेवढा नाही." बरोबरच होतं त्यांचं.

पण ही मोकळीक नुसते पैसे भरले म्हणून पदरात पडत नाही. बोट ठरलेल्या बंदरांत ठरलेला माल भरते. मधे कुठे जाऊन कोथिंबीर घेऊन ये असं चालत नाही. बुकिंग झालं की कंपनीकडे आहाराचा फॉर्म असतो, तो दोन-तीन महिने आधी भरा. त्यात नुसतं व्हेजिटेरियन लिहून सोडू नका. रिसोटो हा इटालियन भात चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे चिकन उकळून काढलेल्या पाण्यात, शिजवतात, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँचोव्ही हा मासा असतो, वुस्टरशायर सॉसमध्येही तोच, पॅना कोटा हे गोड जिलेटिननं घट्ट करतात आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात, अस्सल पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं बनतं. ताज्या पास्त्यात अंडं, निम्म्या गोडात अंडं. म्हणून सरळ यादी द्या: मांस, मासे, अंडं, मांसाचा किंवा माशाचा स्टॉक, जिलेटिन, रेनेटचं चीज नको; दूध, दही, लोणी, कांदा, लसूण चालेल. बोटीवर चढल्या संध्याकाळी मेत्र डीला भेटून हीच यादी तोंडी सांगा. आणि रोज रात्री उठताना उद्याचा मेनू मागून घ्या, आईचं जेवण आदल्या रात्री सांगून ठेवा. गॅलीला रात्रभराची सवड मिळाली की चमत्कार होतात. ऐनवेळी मागितलंत तर ग्रिल केलेल्या भाज्या येतील. वांगं, झुकिनी, ढोबळी मिरची. पुन्हा वांगं.

आता बाबांचा विषय. रीजंट, सिल्व्हरसी, सीबोर्न यांच्याकडे बारमधली नेहमीची दारू, जेवणाबरोबरची वाइन आणि टिपा भाड्यातच येतात. सिल्व्हरसीवर प्रत्येक स्वीटला बटलर असतो. रीजंटवर बंदरावरच्या बऱ्याचशा सहलीही धरलेल्या असतात. व्हायकिंगच्या समुद्री बोटींवर दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन-बिअर येते, बाकीच्या वेळची वेगळी. कुनार्डचा थाट निराळा. क्वीन मेरी २ वर साडेतीनला पांढरे हातमोजे घातलेले वेटर क्वीन्स रूममध्ये चहा वाढतात, डोळ्यांचं पारणं फिटतं, पण तिथे भारीतला ग्रिल स्वीट घेतला तरी बारचं बिल सहसा वेगळंच. तेव्हा "सगळं इन्क्लुडेड" हे एजंटच्या तोंडून ऐकू नका, कंपनीच्या अटींत वाचा.

आणि बाबांना एक सांगून ठेवा. अमेरिकन वळणाच्या बोटींवर एक पेग साधारण ४५ मिलीचा असतो, ब्रिटिश वळणाच्या बोटींवर २५ चा किंवा दुप्पट ५० चा. लक्झरीवर बारटेंडर मापही बघत नाही, हात सैल सोडतो. घरच्या हिशोबाचे दोन पेग तिथे तीन-साडेतीन होतात, आणि वर लाटा. ओल्ड मंक मिळेल अशी आशा धरू नका. सिंगल माल्ट मात्र चांगल्या असतात. बुकिंगनंतर आवडीनिवडीचा फॉर्म येतो त्यात ब्रँड लिहिलात तर बाटली खोलीतच ठेवतात.

सर्व्हिसबद्दल इतकंच सांगतो, ती दिसली नाही तर चांगली. दहा फुटांवर नजर भेटली पाहिजे आणि पाच फुटांवर तोंडातून नमस्कार निघाला पाहिजे, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात घोटून घेतात. ते सगळीकडेच. लक्झरीत त्याच्या पुढचं असतं. गडद कपडे घातलेल्या बाईंच्या मांडीवर काळा नॅपकिन गेला पाहिजे, कारण पांढऱ्याचे तंतू साडीला चिकटतात. कुणी डावखुरा असेल तर दुसऱ्या दिवशी त्याचा पेला न सांगता डावीकडे. एखाद्यानं कॉफी अर्धी टाकली तर वेटर नोंद करतो, उद्या विचारतो, कडक झाली होती का. हे सगळं सिस्टीममध्ये चढतं आणि नाश्त्याला दुसरा वेटर आला तरी त्याला माहीत असतं. काही पाहुण्यांना हे आवडतं, काहींना पाळत ठेवल्यासारखं वाटतं. तुमच्या बाबांना काय वाटेल ते तुम्ही ओळखा.

आमच्याकडे हे काम पिढीजात हो. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर इंग्रजांच्या काळापासून डेकवर रत्नागिरीकडचे खलाशी आणि सलूनमध्ये वाढायला गोव्याचे लोक. मुंबईत धोबीतलावला गोव्याच्या गावागावांचे कूड, म्हणजे गाववाल्यांच्या राहायच्या खोल्या, होत्या, तिथे ट्रंका टाकून बोट लागायची वाट बघत बसायचे. माझ्या वडिलांच्या पिढीतले म्हातारे सांगायचे की समुद्र खवळला की टेबलक्लॉथ मुद्दाम ओला करायचे, म्हणजे बशा घसरत नाहीत. मीही केलंय.

वाईकर:

काकांनी छान लिहिलंय, पण दुसरी बाजूही ऐका. आम्ही अशाच एका सगळं-इन्क्लुडेडवाल्या बोटीवर गेलो होतो, नाव नको. एका रात्री वाइनवाला आला, हसतमुख, "आज आपल्यासाठी काहीतरी खास उघडू का?" म्हणाला. आम्ही मान डोलावली. उतरताना बिलात ती बाटली, दोनशेवर डॉलर! रिसेप्शनवर हुज्जत घातली तेव्हा कुठे अर्धे माफ केले. वाटलं, मंगल कार्यालयात पंगतीला आग्रह करून वाढलेल्या जिलब्यांचे पैसे लावावेत तसं झालं.

शिवाय जेवण संपता संपत नाही. सात कोर्स, प्रत्येकामध्ये वीस मिनिटं, प्लेट परातीएवढी आणि मधोमध दोन घास. आमची ही तर चौथ्या कोर्सला पेंगायला लागली. बुफेवर जाऊन पोटभर खाल्लं आणि झोपलो.

तारवटी_वेंगुर्ला:

वाईकर, तुमचा राग रास्त आहे. जवळजवळ प्रत्येक लक्झरी बोटीवर वाइनच्या दोन याद्या असतात. एक भाड्यातली, दुसरी भारीतली, पैसे मोजून घ्यायची. भाड्यातल्या वाइन रोज बदलतात आणि बऱ्या असतात. चांगला सोमेलिए, म्हणजे वाइन वाढणारा जाणकार, दुसरी यादी पुढे करताना किंमत दाखवतो, तुमच्या त्या माणसानं दाखवली नाही, आमच्याकडे असता तर मी त्याला कोपऱ्यात घेतला असता. गोदाकाठच्या ताई, मिस्टरांना सांगा, बाटली उघडण्याआधी "हे भाड्यात आहे ना?" विचारायला अजिबात संकोच करायचा नाही. श्रीमंतातले श्रीमंत पाहुणे विचारतात. किंबहुना तेच विचारतात.

वेळेचं म्हणाल तर बसताना सांगायचं, आम्हाला तासाभरात उठायचंय. वेटर गॅलीला कळवतो आणि कोर्स भराभर येतात. न सांगितल्यास रमतगमत येतात, कारण बहुतेक पाहुण्यांना तेच हवं असतं, त्यांना रात्री दुसरं काम नसतं.

बुफेबद्दल मात्र जपून. पोट बिघडायची सुरुवात तिथल्या चमच्यांपासूनही होऊ शकते, शंभर हात एकाच डावाला लागतात. अमेरिकेत येणाऱ्या बोटींची तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं, १९७५ पासून. १०० पैकी गुण देतात, ८६ च्या खाली आलात की नापास. थंड अन्न ५ अंशांवर जाता कामा नये, गरम ५७ च्या खाली उतरता कामा नये, कापायच्या फळ्या, हात धुवायची बेसिनं, फ्रीजच्या दाराची रबरं, सगळं बघतात. तपासणीवाले चढले ही बातमी गॅलीत पोचायला दोन मिनिटं लागत नाहीत आणि मग जी धावपळ उडते ती विचारू नका. हे गुण इंटरनेटवर सगळ्यांना खुले आहेत. तुमची बोट कधी अमेरिकेला जात असेल तर बघून घ्या. महागडी म्हणून पैकीच्या पैकी असतील असं समजू नका, नापास झालेल्यांत महागड्याही आहेत.

गोदाकाठची:

काका, तुम्ही तर खजिनाच उघडलात. तुमचं भाकरीचं आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "मला भाकरी नको, वरणभात मिळाला तरी मी राजी." थोडे बारीक प्रश्न राहिले. १) बाबांचा साडेपाचचा चहा. छोटी किटली नेली तर चालेल का? २) त्या आठवड्यात संकष्टी येतेय. साबुदाणा बरोबर नेऊ का? ३) बाबांकडे सूट आहे, पण तो माझ्या लग्नातला आणि आता बटण लागत नाही. ४) टिपा भाड्यात असतील तरी आईला कुणाच्या तरी हातावर काही ठेवल्याशिवाय चैन पडणार नाही.

तारवटी_वेंगुर्ला:

किटली नेऊ नका. इस्त्री, किटली, पाण्यात सोडायचा हीटर, तापणारी कुठलीही वस्तू चढतानाच काढून घेतात आणि उतरताना परत देतात. ब्रिटिश बोटींवर खोलीत किटली असते, इतरत्र भरवसा नाही. पण लक्झरी घेतलीत तर किटली हवी कशाला? आदल्या रात्री सांगून ठेवा, साडेपाचच्या ठोक्याला चहा दाराशी येईल. फक्त नुसता चहा म्हणालात तर गरम पाणी, टी बॅग आणि गार दुधाचा बुटकुला येईल, बाबा भडकतील. सांगायचं असं: दूध-पाणी एकत्र उकळून, आलं किसून, साखर आतच घालून. कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये भारतीय पोरं रोज असाच चहा करतात, त्यांना नवीन नाही.

साबुदाण्याचं कठीण. बाहेरून आणलेला शिधा गॅली शिजवत नाही, आरोग्याच्या नियमांमुळे, कितीही गोड बोललात तरी. पाकीटबंद कोरडं खाणं, म्हणजे राजगिऱ्याची चिक्की, केळ्याचे वेफर्स, खोलीत खायला बहुतेक ठिकाणी नेऊ देतात. घरचं शिजवलेलं नको. उपासाला उकडलेला बटाटा, दाणे, दही, फळं, दूध सहज मिळेल. खरी मेख चंद्रोदयाची आहे. मे महिन्यात तिकडे सूर्यच साडेआठच्या आसपास मावळतो, चतुर्थीचा चंद्र उगवेपर्यंत अकरा-बारासुद्धा वाजू शकतात आणि तोवर डायनिंग रूम बंद. वेळ नाशिकच्या कॅलेंडरवरून धरू नका. रिसेप्शनला सांगा, ते ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत, फोन करतील, तिथे नेमका चंद्रोदय काढून देतात. त्या वेळेचं वरणभाताचं ताट रूम सर्व्हिसला आधी सांगून ठेवा, ती चोवीस तास असते. आमच्या बोटीवर एका बाईंसाठी सेकंड ऑफिसरनं वेळ कागदावर लिहून पाठवली होती, मिनिटासकट. आकाश ढगाळ होतं, मग त्यांनी घड्याळ बघून उपास सोडला.

सुटाचं टेन्शन नको. बहुतेक लक्झरी बोटींवर आता रोज कोट-टाय नसतो, कॉलरचा शर्ट आणि चांगली पँट पुरते, एखाद्या रात्री जाकीट. कुनार्डसारख्या ठिकाणी गाला रात्री असतात, तिथे गडद सूट हवा. बंद गळ्याचा कोट शिवून घ्या, तो सगळीकडे मानानं चालतो, आणि शिंप्याला शिवणीत कापड जास्त ठेवायला सांगा, आठवडाभर लक्झरीवर जेवायचंय. आईची पैठणी असेल तर बाकीच्या बायका फोटो काढायला रांग लावतील.

आता टिपेचं. पाकिटात थोडे डॉलर किंवा युरो घालून शेवटच्या रात्री दिलेत तर कुणी नाही म्हणणार नाही, पण द्यायलाच हवेत असं मुळीच नाही. त्यापेक्षा उतरण्याआधी अभिप्रायाचा फॉर्म येतो, त्यात त्या माणसाचं नाव लिहा, बिल्ल्यावर बघून, स्पेलिंगसकट. "स्टाफ चांगला होता" याचा कुणालाच उपयोग नाही. नाव आलं की ते सकाळच्या मीटिंगमध्ये वाचतात, पुढच्या बढतीच्या वेळी कामी येतं. वाढणारा पोरगा सहा-आठ महिन्यांच्या करारावर असतो आणि त्याला पूर्ण सुट्टीचा दिवस असा मिळतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमानं २४ तासांत किमान १० तास विश्रांती, आठवड्याला ७७. तीसुद्धा दोन तुकड्यांत घेता येते. नाश्त्याला जो हसत होता तोच रात्री दहाला हसतो, तेव्हा मधल्या तुकड्यात तो झोपून आलेला असतो. आईला सांगा, भांडी गोळा करणाऱ्याचंही नाव विचारून लिहा, त्याचं कुणी लिहीत नाही.

आणि तुमच्या मूळ प्रश्नावर माझं मत: मुलं-नातवंडं मिळून मोठा गोतावळा असता तर मी मोठ्या बोटीवरच पाठवलं असतं, तिकडे धमाल जास्त आणि नातवंडं घसरगुंडीवरून खाली येईनात. पण सत्तरीतली दोन माणसं, एकाला साडेपाचचा चहा आणि एकीला स्टॉकशिवायचं वरण. त्यांच्यासाठी छोटी बोट. पैसे कमी पडत असतील तर स्वीट सगळ्यात खालच्या दर्जाचा घ्या, डायनिंग रूम आणि वेटर तेच असतात. काही रेस्टॉरंटांचं आरक्षण वरच्या स्वीटवाल्यांना आधी खुलं होतं, एवढाच काय तो फरक जेवणात.

गोदाकाठची:

छोटी बोट, खालचा स्वीट. भावाला आत्ताच फोन केला. बाबा अजून ताजचंच बोलतायत, पण सिंगल माल्टच्या ओळीवर दोनदा थांबले.

देवगडचा_हापूस:

धागा वेगळ्या विषयाचा आहे, पण काका भेटलेत म्हणून विचारतो. भाच्यानं रत्नागिरीत हॉटेल मॅनेजमेंट केलंय, लक्झरी क्रूझवर वेटर म्हणून जायचंय. एक एजंट तीन लाख मागतोय, जॉइनिंग गॅरंटी म्हणतोय.

तारवटी_वेंगुर्ला:

एक पैसा देऊ नका. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं बेकायदा आहे, खलाशांच्या हक्कांच्या एमएलसी या आंतरराष्ट्रीय करारानंही आणि आपल्या कायद्यानंही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक) आणि मेडिकल यांचा खर्च तेवढा आपला असू शकतो, आणि एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय नियमांतले सुरक्षेचे कोर्स स्वतः करून ठेवावे लागतात. एजंटकडे डीजी शिपिंगचं (सरकारचं जहाज खातं) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स आहे का बघा, यादी डीजी शिपिंगच्या साइटवर आहे. नंबर मागितल्यावर तो चहा मागवायला लागला तर उठून या.

भाच्याला म्हणावं, आधी दोन वर्षं चांगल्या हॉटेलात ट्रे उचल. इंग्रजी नीट कर आणि वाइनचं वाचन सुरू कर, न पिणाऱ्यालाही पाठ होतं. थेट लक्झरीत सहसा घेत नाहीत, मोठ्या बोटीवर एक-दोन करार करून मग अर्ज टाकायचा. बाकी वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.